दसरा काढणं : घर नवं करण्याची कुळकथा

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की जुळे सोलापुरातल्या गच्च्या ओळखू येत नाहीत. आसरा पुलापासून सैफुलपर्यंत, बंगला असो की अपार्टमेंट, कठड्यांवर चादरी, वाकळा, पडदे, सतरंज्या आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या गाद्यांचे अभ्रे वाळत पडलेले असतात. रंगाच्या दुकानांत मशिनवर डबे घुसळले जात असतात आणि पेंटरचा फोन काही लागत नाही. जिन्यात दोघी भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘वहिनी, दसरा काढला का?’’

‘‘अर्धा काढलाय हो. स्वयंपाकघर राहिलंय अजून.’’

पुण्या-मुंबईकडे ही साफसफाई दिवाळीच्या तोंडावर होते. सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात आणि मराठवाड्यात मात्र ती घट बसायच्या आत उरकावी लागते. घरातलं कापडन् कापड धुवायचं, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची, जाळीजळमटं काढायची, भिंतींना रंग द्यायचा आणि दसऱ्याच्या सकाळी दाराला तोरण बांधायचं, हे सगळं मिळून ‘दसरा काढणं’. या कामातल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा इतिहास आहे, आणि त्यातल्या काही वस्तू फार लांबून आलेल्या आहेत.

आधी वेळेचं पाहू. सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा. जून-जुलैत हुलकावणी देणारा पाऊस इथे सप्टेंबरात सगळ्यात जास्त पडतो. त्यामुळे पितृपंधरवड्याच्या सुमाराला ओढ्यानाल्यांना, तळ्याविहिरींना पाणी असतं. ढीगभर वाकळा आपटून धुवायच्या तर एवढं पाणी उन्हाळ्यात आणायचं कुठून? म्हणून सीनेचा काठ, हिप्परग्याचा तलाव आणि पुढे उजनीचा कालवा इथे या दिवसांत धुण्याची झुंबड उडायची. मूग-उडीद घरात आलेले, रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली. दोन कामांच्या मधली ती उघडीप. पावसाने भिंती ओलावलेल्या, अंथरुणांना कुबट वास येऊ लागलेला आणि आश्विनाचं कडक ऊन आता कधीही पडणार. घर धुऊन वाळवायला वर्षातला याहून सोयीचा आठवडा दुसरा नाही.

शेतीच्या या सोयीला धर्माचीही जोड मिळाली. सोलापूरपासून ४५ किलोमीटरवर तुळजापूर. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. ही देवीची घोरनिद्रा. घटस्थापनेच्या पहाटे देवी पुन्हा सिंहासनावर येते. देवी निजलेली असते त्याच दिवसांत तिच्या भक्तांच्या घरी धुणं, सारवणं आणि रंगकाम चालतं. ती जागी होईल तेव्हा घर लख्ख हवं, ही त्यामागची भावना. दसऱ्यानंतर कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, तिथे या साऱ्या धावपळीचा शेवट होतो.

आता भिंतीकडे वळू. सोलापूर-मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचं सपाट छप्पर. मृग लागण्याआधी माळवदावर खारी माती टाकून ते दाबून घ्यायचं, हे पुरुषांचं काम. भिंती मात्र बायकांच्या ताब्यात. पावसात पोपडे सुटलेली जागा आधी माती आणि शेणाच्या काल्याने लिंपायची, वाळली की पांढऱ्या मातीचं पाणी करून फडक्याने पोतारायची, आणि जोत्याला, चौकटीला गेरूचा पट्टा ओढायचा. हे काम शिकवणारी शाळा नव्हती आणि करणाऱ्या बाईचं नाव कुठल्या कागदावर चढलं नाही. तरी भिंतीवर पांढरं करण्याची ही कला सासू-सुनांच्या हातांतूनच इथवर आली आहे.

ती किती जुनी, याचा पुरावा अजिंठ्यात आहे. तिथली चित्रं थेट दगडावर काढलेली नाहीत. आधी माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग, असा तो क्रम आहे. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळी अजिंठ्याच्या कारागिरांनी जे केलं, त्याचे पहिले दोन हात माळवदाच्या घरातली बाई दरवर्षी करत आली. तिच्या भिंतीवर पद्मपाणी नव्हता, पण खालची माती आणि वरचा पांढरा थर त्याच जातीचा होता.

चुना आला कुठून? दख्खनचं पठार काळ्या बसाल्टचं, त्यात चुन्याचा दगड दुर्मीळच. पण इथल्या काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे सापडतात. शेतकऱ्याला नकोसे असणारे हेच खडे भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजले की कळीचा चुना तयार होतो. किल्ल्यांच्या बांधकामात हा चुना दगडी चाकाच्या घाणीत बैल जुंपून मळत. घराच्या सफेदीसाठी एवढा खटाटोप लागत नसे. बाजारातून कळीचा चुना आणायचा आणि टिपाडात पाणी घेऊन त्यात सोडायचा. सोडताच तो फसफसतो, उकळतो, वाफा येतात. लहान मुलांना लांब पिटाळायचं, कारण एक थेंब डोळ्यात गेला तरी इजा ठरलेली. रात्रभर विरलेला चुना सकाळी फडक्यातून गाळायचा. भिंतीला हात लावला तर अंगाला लागू नये म्हणून त्यात भिजवलेला डिंक घालायचा, थोडं मीठ घालायचं. मग कुंचा बुडवून पहिला हात उभा, दुसरा आडवा.

ओला चुना भिंतीवर पाणचट, मळकट दिसतो. पहिल्यांदा रंग देणाऱ्याला वाटतं, काम फसलं. पण तास-दोन तासांत भिंत आपोआप उजळत जाते. पुढचे कित्येक दिवस हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो. म्हणजे भट्टीत जे गेलं तेच भिंतीवर परत येतं. ताज्या चुन्याची जहाल अल्कता बुरशी आणि किडींना टिकू देत नाही. प्लेगच्या किंवा पटकीच्या साथीत चुन्याची फक्की मारायची पद्धत याच गुणामुळे पडली.

चुन्याच्या पांढऱ्यात जो पिवळसरपणा राहतो तो मारायला नीळ. या निळीची कथा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींपासून सुरू होते. तिथला लाजवर्द दगड कुटून काढलेला निळा रंग युरोपात सोन्याच्या मोलाने विकला जाई. १८२८ मध्ये फ्रान्सच्या ज्यां-बाप्तिस्त गिमे याला तोच रंग कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र तापवून केलेली ही अल्ट्रामरिन नीळ इतकी स्वस्त झाली की काही दशकांत ती कपड्यांच्या धुण्यात शिरली. झाडापासून काढलेल्या निळीपेक्षा ती वेगळी. तिचा एक गुण सफेदीच्या फार कामाचा ठरला : ती आम्लात विटते, पण चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रवात टिकते. त्यामुळे धोतरासाठी आणलेली नीळ भिंतीच्या टिपाडात पडली आणि गावोगावच्या भिंतींना ती फिकट आकाशी झाक आली. आज जुन्या घरांचा रंग म्हणून जिची आठवण काढली जाते, ती झाक जेमतेम दीड-दोनशे वर्षांची आहे.

झेंडू याहून जुना पाहुणा.

दसऱ्याला झेंडू नाही असं दार सोलापुरात शोधून सापडणार नाही. मोटारसायकल, माग, तिजोरी, संगणक, सगळ्यांना झेंडूच. पण हे फूल मूळचं मेक्सिकोचं. तिथल्या अझ्टेक लोकांच्या पूजेत ते होतं आणि आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोत पूर्वजांच्या स्मरणाच्या दिवशी घरं आणि कबरी याच फुलांनी सजतात. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, आणि त्यांच्या जहाजांमधूनच झेंडू भारतात पोहोचला असं मानलं जातं. त्याच दिशेने आणखी काही फुलं आली. निशिगंध मेक्सिकोचा, डेलिया मेक्सिकोचा, देवळापुढचा पांढरा चाफा उष्ण अमेरिकेचा, स्वस्तातल्या हारांत ओवला जाणारा गलांडाही अमेरिकेचाच. शेवंतीचं मूळ चीनमध्ये. दसऱ्याच्या हारातली बरीच फुलं अशी समुद्रापलीकडून आलेली आहेत, पण ज्या आंब्याच्या पानांत ती ओवली जातात ती पानं इथलीच.

झेंडू इतका का रुजला, याची कारणं रोकडी आहेत. तो हलक्या जमिनीत आणि थोड्या पाण्यावर येतो. जुलै-ऑगस्टात लावला की दोन-अडीच महिन्यांत, बरोबर दसऱ्याला, फुलतो. तोडल्यावर दोन-तीन दिवस मान टाकत नाही. त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात, म्हणून टोमॅटोच्या प्लॉटमध्येही शेतकरी त्याच्या ओळी लावतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा नारंगी’ आणि ‘पुसा बसंती’ या जाती काढल्या, बाजारात ‘कलकत्ता’ झेंडूही चालतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मधल्या मारुतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. जुळे सोलापुरात चौकाचौकांत टेम्पो उभे राहतात. पण दसऱ्याच्या दुपारनंतर हाच भाव कोसळतो आणि उरलेला माल रस्त्याकडेला टाकून शेतकऱ्याला रिकाम्या टेम्पोने गावी परतावं लागतं.

सोलापूर मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांचं गाव. सजावटीतही या तिन्हींचा वाटा आहे. गिरण्या आणि मागांच्या ओढीने आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात उंबऱ्याला हळद लावून वर कुंकवाची बोटं ओढण्याची रीत आणली. नवरात्राच्या दिवसांत त्यांच्याकडे बतुकम्मा असते. तरवड, कुर्डू, झेंडू अशी फुलं ताटात थरावर थर रचून त्यांचा मनोरा करायचा आणि त्याभोवती फेर धरायचा. माळरानावर फुकट मिळणारा तरवड आणि शेतात तण म्हणून उपटला जाणारा कुर्डू तिथे मानाने बसतात. जुळे सोलापुरात एकाच जिन्यावर एका दाराला आंब्याचं तोरण, समोरच्या दाराला पिवळाधमक उंबरा आणि वरच्या मजल्यावर कन्नड घराची ठिपक्यांची रांगोळी, असं चित्र सहज दिसतं.

जुळे सोलापूर ही वस्ती तशी अलीकडची. रेल्वेरुळांच्या दक्षिणेला, विजापूर रोड आणि होटगी रोडच्या मधल्या पट्ट्यात सोसायट्या उभ्या राहिल्या, तोवर माळवद मागे पडलं होतं आणि भिंती सिमेंटच्या झाल्या होत्या. चुन्याची जागा डिस्टेंपरने घेतली. १९४२ मध्ये, महायुद्धामुळे परदेशी रंग मिळेनासे झाले तेव्हा, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात ब्रश घेतलेला ‘गट्टू’ नावाचा पोरगा काढला आणि रंगाचा डबा मध्यमवर्गीय घरात ओळखीचा झाला. डिस्टेंपरनंतर इमल्शन आलं, पुट्टी आली, कुंच्याच्या जागी रोलर आला. दरवर्षीचं काम चार-पाच वर्षांवर गेलं.

या बदलात सोय झाली, तशी एक खोडही लागली. चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर सोडते. ऑइलपेंट किंवा जाड प्लास्टिक रंगाखाली ती ओल अडकते आणि पहिल्याच पावसाळ्यात फुगे धरतात. पाऊस पुरता थांबायच्या आत, घटस्थापनेच्या घाईत मारलेला रंग सोलून निघतो, त्याचं कारण बहुतेकदा डब्यात नसून भिंतीतल्या ओलीत असतं. दुसरी गोष्ट शिशाची. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असावं, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचे जुने ऑइलपेंट खरवडताना तोंडाला फडकं बांधणं, भिंत ओली करून घासणं आणि मुलांना दूर ठेवणं आजही गरजेचं आहे.

मधल्या काळात शेणही परत आलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून केलेला ‘खादी प्राकृतिक पेंट’ डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्ही रूपांत बाजारात आणला. आजीने ज्या वस्तूने भिंत सारवली तीच वस्तू नातीला आता लेबल लावलेल्या डब्यात मिळते.

दसरा काढण्यातलं साहित्य असं कायम बदलत आलं आहे. मेक्सिकोचा झेंडू, फ्रान्समध्ये जन्मलेली नीळ, मुंबईचं डिस्टेंपर, जे जे स्वस्त, टिकाऊ आणि देखणं मिळालं ते या प्रथेने घेतलं. बदललं नाही ते पंचांगातलं स्थान : पाऊस सरताना, पेरणीच्या आधी, देवी जागी व्हायच्या आत. म्हणून ही प्रथा माळवदावरून अपार्टमेंटमध्ये आली तरी ओळखू येते.

प्लास्टिकच्या तोरणाचा मात्र या कुळाशी संबंध जोडता येत नाही. ते ऋतू ओळखत नाही, सुकत नाही, मातीत मिसळत नाही आणि त्याचे पैसे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती जात नाहीत. तेव्हा यंदा दसरा काढाल तेव्हा भिंत पूर्ण वाळू द्या, रंग मग द्या. आणि झेंडू दसऱ्याच्या दिवशी सकाळीच, टेम्पोवाल्या शेतकऱ्याकडून, घासाघीस न करता घ्या.