लेवीय ग्रंथातील त्वग्दोषविचार

'लेवीय' या हिब्रू धर्मग्रंथाच्या १३ व १४ व्या अध्यायांत 'त्साराथ' नामक त्वग्दोषाचे नियम आहेत. पुरोहित येथे परीक्षक आहे, वैद्य नव्हे. संशयितास तो सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा तपाशी; दोष ठरल्यास त्यास वस्तीबाहेर राहावे लागे. राजा उज्जीयाही यातून सुटला नाही. वस्त्रे व घरेही दूषित ठरत. सर्वांग पांढरे पडलेला मात्र शुद्ध मानला जाई. अर्थात हा केवळ कुष्ठरोग नव्हे. दोष गेल्यावर विधी होऊन आठव्या दिवशी शुद्धी पूर्ण होई. ही अशुद्धी अवस्थेची होती, जन्माची नव्हती. अशी तात्पुरती अशुद्धी आणि वंशपरंपरागत अस्पृश्यता यांतील भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये स्पष्ट केला आहे.