पायात काय घालू?

आपल्याकडे नव्याने आलेली मंडळी नोकरीच्या मुलाखतीआधी कोट, टाय, साडी की सूट असे सगळे विचारून घेतात आणि निघताना हळूच म्हणतात, "आणि पायात काय घालू?" प्रश्न किरकोळ वाटतो. पण याच प्रश्नावर दीडशे वर्षांपूर्वी हिंदुस्थान सरकारला ठराव करावे लागले होते. ती हकिगत आज थोडक्यात सांगतो.

उंबऱ्याबाहेर जोडे काढून आत येणे ही आपली रीत. देवापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे आपण मान म्हणून अनवाणी जातो. इंग्रज अधिकाऱ्यांनी या रितीचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. देशी माणसाने साहेबाच्या कचेरीत जोडे काढूनच यावे अशी त्यांची अपेक्षा असे. साहेब स्वतः अर्थातच बूट घालून बसलेले. पुढे इंग्रजी शिकलेले लोक बूटमोजे वापरू लागले आणि पेच पडला. १८५४ साली, लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने ठराव केला की सरकारी आणि निमसरकारी प्रसंगी एतद्देशीय गृहस्थांनी युरोपियन धर्तीचे बूट घालून यायला हरकत नाही. देशी जोड्यांना मात्र ही सवलत नव्हती. पाय तेच, माणूस तोच. किंमत ठरायची ती बुटाच्या घाटावरून!

एवढ्याने वाद मिटला नाही. आपल्या मुंबई इलाख्यातच, सुरतेच्या न्यायालयात, १८६२ साली माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना जोडे काढायला सांगण्यात आले आणि त्यांनी नकार दिला. १८७४ साली सरकारला या विषयावर पुन्हा ठराव करावा लागला.

गंमत पुढेच आहे. ब्रह्मदेशात मिंडॉन राजाच्या दरबारी परक्या वकिलांनीही जोडे काढून खाली बसायची पद्धत होती, आणि इंग्रज रेसिडेंट ती पाळत आले होते. १८७५ साली हिंदुस्थान सरकारने त्याला फर्मावले की यापुढे जोडे काढायचे नाहीत. राजाही हटेना. परिणामी रेसिडेंट आणि राजा यांच्या समोरासमोर भेटी बंद पडल्या. आपल्या माणसाला जे अपमानास्पद वाटते ते दुसऱ्यालाही वाटत असेल, एवढे सरकारला कळले असते तर किती कागद वाचला असता!

"पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण आपण माणसाला त्याची पायरी दाखवायला वापरतो. पादत्राणांचे कितीतरी नियम अशी पायरी दाखवण्यासाठीच झाले, आणि ते इंग्रज राज्याबरोबर संपलेही नाहीत. २०१५ साली लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाच्या तरुणीला स्वागतकक्षातल्या कामाच्या पहिल्याच दिवशी, उंच टाचांचे बूट नाहीत म्हणून बिनपगारी घरी पाठवले गेले. पुढच्या वर्षी तिच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २०१७ साली पार्लमेंटमध्ये त्यावर चर्चा झाली. त्याच साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने उंच टाचांची सक्ती कायद्याने बंद केली.

दुसऱ्या जातीचे नियम मात्र पायाच्या भल्यासाठी असतात. अमेरिकेत १९७० साली कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. जड वस्तू पायावर पडण्याचा किंवा टोकदार वस्तू तळव्यात घुसण्याचा धोका असेल तिथे कामगारांच्या पायात संरक्षक बूट आहेत हे पाहणे त्याखालच्या नियमांनी मालकावर बंधनकारक केले. आम्हा रसायनवाल्यांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही. हातातून निसटलेली बाटली जमिनीवरच फुटते आणि पहिले शिंतोडे पायावरच उडतात. कॉस्टिक सोडा कातडीतल्या स्निग्धांशाचा साबण करत आत शिरतो. म्हणून प्रयोगशाळेत सँडल नको, आणि कापडी किंवा जाळीचे बूटही नकोत, कारण ते सांडलेले द्रव शोषून पायाशी धरून ठेवतात. बंद, चामड्याचे, न घसरणाऱ्या तळव्याचे बूट चांगले. पण चामड्यात रसायन मुरले तर बूट कितीही महाग असो, टाकून द्यावा.

म्हणून नव्या मंडळींना सांगणे एवढेच. मुलाखतीला बंद, साधे, पॉलिश केलेले आणि न चावणारे बूट घाला. नवे असतील तर आठवडाभर आधी घरात वापरून सैल करा. नोकरी लागल्यावर एखादा नियम खटकला तर तो पायाला जपतो आहे की पायरी दाखवतो आहे, हे बघा. पहिला असेल तर मुकाट्याने पाळा. दुसरा असेल तर नम्रपणे कारण विचारा; सुरतेच्या त्या गृहस्थांनी तर भर न्यायालयात नकार दिला होता.

आणि गणपतीला हॉलच्या दाराशी जोड्यांचा जो ढीग पडतो, त्याची काळजी नसावी. तिथे आपण कुणाच्या हुकुमावरून जोडे काढत नाही. फक्त परत जाताना आपलेच घालून जावे, ही विनंती!