दहावीला ७८, कान मात्र ए-टू

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. हेडफोन जवळ नसतील तर आत्ता वाचा, पण नंतर एकदा ऐकाही. का, ते शेवटी सांगतो.

गोष्ट २०१८ची. पुण्यातल्या एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी होती. मुलाखतीआधी ऑनलाइन परीक्षा. मी कळंबला घरीच, माळवदाच्या खोलीत दार लावून बसलो. नेट दगा देऊ नये म्हणून बहिणीचाही मोबाईल उशाला घेतला होता. कानात एक बाई बोलायला लागली. तिला हॉटेलचं बुकिंग बदलायचं होतं. ती 'सिक्स्टीन' म्हणाली की 'सिक्स्टी', यावर मी विचार करत बसलो आणि तेवढ्यात तिची पुढची तीन वाक्यं निघून गेली. आवाज एकदाच ऐकवणार होते. मागे जायची सोय नव्हती.

निकाल आला: ऐकण्याची पातळी ए-टू. त्यांना बी-टू हवी होती.

मंडळी, मला दहावीला इंग्रजीत ७८ होते. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतर शाळेत गेलेल्या पोरांतला मी. म्हणजे पाचवीपासून सुरुवात केलेल्या आमच्या काका-मामांपेक्षा चार वर्षं जास्त शिकलेला. तरी ही अवस्था. आपलं डोकंच कमी, असं वाटून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, विचारलं, "काय झालं रं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "किती वर्सं शिकलास इंग्रजी?"

"पंधरा तरी झाली असतील."

"आन् ऐकलीस किती?"

मला उत्तर देता येईना. आजचा भाग त्या एका प्रश्नावर आहे.

बाजारात शिकलेली भाषा

आबांचा जन्म १९३४चा. तेव्हा कळंब निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव ज्या मीर उस्मान अली खानवरून पडलं, त्याच निजामाच्या काळात, १९१८ साली, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. देशातली बाकीची विद्यापीठं इंग्रजीतून शिकवत होती, तेव्हा हा प्रयोग फार मोठा होता. त्यासाठी वेगळं भाषांतर खातं उघडून शास्त्राची, कायद्याची, इतिहासाची पुस्तकं उर्दूत आणली गेली.

येरमाळ्यावरून बार्शीला जाताना आज आपल्याला काही जाणवत नाही, पण त्या रस्त्यावर तेव्हा राज्य बदलायचं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तिकडे वरच्या कचेरीची भाषा इंग्रजी, इकडे उर्दू. घरात दोन्हीकडे मराठीच.

आबा वरच्या इयत्तेत गेले तसं उर्दू आलं. पण ते म्हणायचे, "उर्दू मला मास्तरानं न्हाई, बाजारानं शिकवली." कचेरीत वडिलांबरोबर गेलं की उर्दू, पोलिसाशी उर्दू, शेजारच्या दोस्ताशी दखनी. अक्षर वाचायला येण्याआधी ती भाषा कानाला ओळखीची झाली होती. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. पुढे लिहिणं-वाचणं मराठीत आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्र झाला. आबांचं उर्दू लिहिणं पार विसरलं. पण म्हातारपणी टीव्हीवर मुशायरा लागला की शेर पुरा व्हायच्या आत त्यांची मान हलायची. कानाने शिकलेलं टिकलं होतं.

इंग्रजी मात्र आबांच्या, वडिलांच्या आणि माझ्या, तिन्ही पिढ्यांच्या वाट्याला डोळ्यानेच आली. आमच्या वर्गात सर धड्यातलं एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि लगेच त्याचा अर्थ मराठीत सांगायचे. आम्ही पेन्सिलने शब्दावर अर्थ लिहायचो. खरं सांगा, त्यातलं आम्ही लक्ष देऊन काय ऐकत होतो? मराठी अर्थ! इंग्रजी वाक्य संपायची वाट बघायचो. तोंडी परीक्षेला एक पाठ केलेली कविता म्हटली, मार्क पडले. सरांना तरी काय बोलणार, ते स्वतः तसेच शिकले होते. गाइड होतं, फळा होता. इंग्रजी बोलणारं माणूस गावात नव्हतं.

शिक्षकांना इंग्रजी शिकवायचं शिकवणारी मोठी सरकारी संस्था, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश, १९५८ला निघाली, ती कुठे? हैदराबादला. आपण हैदराबाद सोडलं त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

कानाची परीक्षा कधी आली?

आता थोडं बाहेर जाऊ. परदेशी माणसाला इंग्रजी किती येतं हे मोजायची केंब्रिजची पहिली परीक्षा १९१३ साली झाली. एकूण बारा तासांची. त्यात भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र, सगळं होतं. कानासाठी काय, तर अर्ध्या तासाचं श्रुतलेखन आणि अर्धा तास वाचन-संभाषण. बसले तिघे, आणि तिघेही नापास झाले! म्हणजे मंडळी, या परीक्षेत नापास होणाऱ्यांची परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे.

चित्र बदललं दुसऱ्या महायुद्धात. सैनिकांना परक्या देशात पाठवायचं, तर तिथलं व्याकरण येऊन भागत नाही, समोरचा काय म्हणतोय ते कळावं लागतं. अमेरिकी लष्कराने १९४३पासून बोलण्या-ऐकण्यावर भर देणारे भाषावर्ग चालवले. पुढे टेपरेकॉर्डर सगळीकडे पोचला आणि मोठी अडचण सुटली. परीक्षक बदलला की आवाज बदलायचा, वेग बदलायचा. आता हजारो जणांना एकच आवाज, एकाच वेगाने ऐकवता येऊ लागला. १९६४ला टोफेल आली, १९८९ला आयईएलटीएस. आयईएलटीएसच्या ऐकण्याच्या परीक्षेत चार भाग, चाळीस प्रश्न, आणि प्रत्येक भाग एकदाच ऐकायला मिळतो. २००१ला युरोप परिषदेने ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्यांची शिडी छापली. माझ्या निकालावरचं 'ए-टू' त्या शिडीवरून आलेलं.

गंमत बघा. परीक्षा कानाची झाली, आणि आमचा वर्ग तसाच डोळ्याचा राहिला. त्या मधल्या खड्ड्यात मी पडलो होतो. डोकं कमी असल्याचा तो दाखला नव्हता.

आपली पायरी कशी ओळखायची?

ए-वन म्हणजे समोरचा सावकाश बोलला तर नाव-गाव-घर कळणं. ए-टू म्हणजे रोजच्या कामाच्या छोट्या, स्पष्ट सूचनांचा मुद्दा कळणं. बी-वनला ओळखीच्या विषयावर स्पष्ट बोललेलं बरंचसं कळतं. बी-टूला टीव्हीवरच्या बहुतेक बातम्या आणि लांबलचक भाषण झेपतं. सी-वनला विस्कळीत गप्पाही कळतात, आणि सी-टूला भरभर बोलणाऱ्याचीही अडचण राहत नाही.

हे नेमकं मोजायला अधिकृत परीक्षा लागते. पण आपला कान कुठे अडतो, हे घरी फुकट कळतं. ज्याचा लेखी मजकूर उपलब्ध आहे असा दोन मिनिटांचा इंग्रजी आवाज घ्या. सबटायटल बंद. एकदा ऐका आणि काय चाललंय ते मराठीत मोठ्याने सांगा. दुसऱ्यांदा ऐकून नावं, आकडे, वेळा टिपा. तिसऱ्यांदा फक्त अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या, थांबवत थांबवत शब्द न् शब्द लिहा. केंब्रिजचं १९१३चं श्रुतलेखनच हे! मग मजकूर उघडा आणि चुकलेल्या शब्दांचे दोन ढीग करा. वाचूनही न कळलेले शब्द एकीकडे. वाचल्यावर 'अरे, हा तर येतो मला' वाटलेले दुसरीकडे.

पहिला ढीग मोठा असेल तर शब्द वाढवा. दुसरा मोठा असेल तर कान कच्चा आहे, आणि त्यावर पाठांतराचा उपाय नाही. माझा दुसरा ढीग पहिल्याच्या तिप्पट निघाला. 'गोइंग टू' मला माहीत होतं, पण ती बाई 'गॉना' म्हणत होती. यात नवल नाही. आपण 'काय करायलास' म्हणतो तेव्हा फक्त पुस्तकातून मराठी शिकलेला माणूस असाच गडबडतो.

सुरुवातीला व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या मला उपयोगी पडल्या. १९५९ला त्यांनी साधारण दीड हजार शब्दांत बसणारं हे सोपं इंग्रजी सुरू केलं होतं. रोज वीस मिनिटं, तीच बातमी तीनदा. आठ महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली. बी-वन आलं. ती नोकरी मिळाली नाही, त्यांना बी-टूच हवं होतं. पण या वेळी मी दार लावून बसलो नाही. कुठे अडतंय ते मला माहीत होतं.

आता सुरुवातीला राहिलेलं सांगतो. इंग्रजीकडे जायच्या आधी हीच परीक्षा आपल्या या मराठी भागावर घ्या. अर्ध्या मिनिटाचं बोलणं एकदाच ऐका आणि लिहून काढा. शब्द न् शब्द तुम्हालाही येणार नाही. दोन-चार निसटतील, तरी अर्थ जागेवर असेल. मी मात्र त्या दिवशी एका 'सिक्स्टीन'ला धरून बसलो आणि बाकीची बाई सोडून दिली.

तुमच्या दोन ढिगांत कुठला मोठा निघाला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.