क्लेटन

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील एक लहानसे गाव. ब्राइटन शहराच्या उत्तरेस सुमारे १० किमी.वर, साउथ डाउन्स या खडूच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी ते वसले आहे. येथील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च मध्ययुगीन भित्तिचित्रांसाठी विख्यात असले, तरी दुरून येणाऱ्याची दृष्टी प्रथम खिळते ती गावावरील उघड्या माथ्यावरच्या ‘जॅक’ व ‘जिल’ या दोन पवनचक्क्यांवर.

पैकी जिल ही पांढरी, लाकडी चक्की मूळची ब्राइटनची. तेथे १८२१ मध्ये बांधलेला तिचा इमला १८५२ मध्ये घोडे व बैल जुंपून या डोंगरावर आणण्यात आला. हे साहस वाटते तितके अविचाराचे नव्हते. कारण या जातीच्या चक्कीचे सारे घर, पाती, जाती व दळणारा यांसह, एकाच प्रचंड उभ्या खांबावर तोललेले असते, आणि तो खांबही जमिनीत न पुरता आडव्या तुळयांवर टेकलेला असल्याने वारा फिरेल तसे अवघे घर फिरवता येते व प्रसंगी स्थलांतरितही करता येते. सुतारकामाचा याहून धीट आविष्कार ग्रामीण इंग्लंडात क्वचितच आढळेल. शेजारचा जॅक हा १८६६ मधील विटांचा मनोरा असून त्याचे केवळ शिरच वाऱ्याकडे वळत असे. त्याच्यासाठी १७६५ ची डंक्टन चक्की पाडण्यात आली. तिची गोल बैठक मात्र आजही त्याच्या लगत शाबूत आहे.

परदेशी गहू बंदरांतच दळणाऱ्या वाफेच्या गिरण्यांपुढे गावोगावच्या दळणाऱ्यांचा निभाव लागेना, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी येथील दळणही थांबले. जॅक खासगी निवासस्थान बनला. गोल्फवरील लेखक हेन्री लाँगहर्स्ट हे १९५३ पासून येथील रहिवासी होते. जीर्ण झालेल्या जिलची दुरुस्ती स्वयंसेवकांनी १९७८ मध्ये हाती घेतली व १९८६ मध्ये तिच्यातून पुन्हा पीठ पडू लागले. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबरमधील महावादळाच्या रात्री, आवळलेल्या रोधकालाही न जुमानता पाती फिरू लागली, घर्षणाने लाकूड पेटले, आणि त्याच स्वयंसेवकांनी भर वादळात माथा गाठून आग विझवली. ही निष्ठा कोणत्याही वास्तूच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. त्यानंतर पुन्हा दुरुस्त झालेली जिल वारा अनुकूल असता आजही गहू दळते, व ते पीठ तेथेच विकले जाते.