धनुष्याची दोरी आणि लॉबीतली कुंडी

मंडळी, ऑफिसच्या लॉबीत लिफ्टशेजारी जे स्नेक प्लांट उभं असतं ना, त्याचा एक दांडगा आफ्रिकन भाऊ आहे. नाव सॅन्सेव्हिएरिया एहरनबर्गी. हल्ली शास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅसिनामध्ये टाकलंय, पण जुनं नाव काही सुटत नाही.

ईशान्य आफ्रिका ते टांझानिया आणि अरबस्तान हा याचा मुलूख. पानं दोन रांगांत, उघडलेल्या पंख्यासारखी, पाच फुटांपर्यंत लांब. टोकाला असा काटा, की जरा जपूनच! पानांची छिद्रं रात्री उघडतात, दिवसा बंद. म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हा हिशोब लगेच कळेल.

आता गंमत बघा. पानाच्या गरात चिवट धागा असतो. मसाई लोक त्याच्या दोऱ्या वळत. झाडाला ते म्हणतात 'ओल्डुपाई'. टांझानियातल्या ज्या घळीत ही झाडं माजली होती, तिलाही तेच नाव पडलं. १९११ साली काटविंकेल हा जर्मन डॉक्टर तिथे पोचला आणि युरोपियनांच्या तोंडी त्याचं 'ओल्डुवाई' झालं. १९५९ साली मेरी लीकीला तिथेच साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. झाडाचं नाव, चुकीच्या उच्चारासकट, इतिहासाच्या पुस्तकांत गेलं.

आणि आपल्याकडे? याच घराण्यातली एक वनस्पती भारतातली आहे, रॉक्सबर्गियाना. इंग्रजीत या सगळ्यांना 'धनुष्याच्या दोरीचा ताग' अशा अर्थाचं नाव आहे. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला 'मौर्वी' म्हणतात, म्हणजे मूर्वेची. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखलाही मूर्वेचीच सांगितली आहे. मूर्वा नेमकी कोणती यावर मतभेद आहेत, आपल्याकडे मोरवेलीलाही तेच नाव आहे. पण रॉक्सबर्गच्या काळापासून वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडाकडेही बोट दाखवत आलेत.

मग ही ओळख गेली कुठे? आमच्या उदगीरचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला हरवलं, ते इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या जोरावर. धनुष्याचे दिवस सरले होते. दोरीचं काम संपलं, की झाडाचं नावही हळूहळू विस्मरणात जातं. मसाईंचं नाव निदान नकाशावर तरी उरलं. आपलं शब्दकोशात पडून आहे.

असो. पुढच्या वेळी कुंडीतलं वाळलेलं पान फेकण्याआधी जरा ठेचून बघा. आतला पांढरा धागा हाताने तोडून दाखवा, मग बोलू!