कावसजीचे नाक आणि कपाळावरचा वण

नांदूरघाटच्या आमच्या एका निवृत्त शिक्षक स्नेह्यांच्या नाकपुडीवर दोन वर्षे एक काळसर गाठ होती. घरच्यांनी तिला चामखीळ ठरवले. चुना लावून झाला, केसाने बांधून झाली. गाठ खपली धरी, खपली पडे, थोडे रक्त येई आणि पुन्हा खपली धरे. शेवटी तुकडा काढून तपासला, तेव्हा तो त्वचेचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर नाकपुडीचा मोठा भाग गेला. ती जागा भरण्यासाठी शल्यचिकित्सकांनी गुरुजींच्या कपाळावरची कातडी सोडवून खाली वळवली. त्यानंतर तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक जाड पट्टा लोंबत होता. धाकटा नातू त्याला ‘सोंड’ म्हणाला, आणि गुरुजींनी घराबाहेर पडणे बंद केले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारले, “कॅन्सर गेला म्हणतात. पण हा वण जाणार का?”

दुसऱ्या खेपेला आम्ही त्यांच्यासाठी एक चित्र घेऊन गेलो. ते दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे आणि त्यातला माणूस त्यांच्यासारखाच मराठी मुलखातला आहे.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र येऊन टिपू सुलतानाशी लढले. इंग्रजी फौजेचे सामान बैलांवर चाले. त्या बैलांमागे असणाऱ्यांपैकी एक होता कावसजी. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची हकीकत छापून आली. पत्राखाली लेखकाचे नाव नाही, फक्त ‘बी. एल.’ ही आद्याक्षरे आहेत. पत्रात म्हटले आहे की हा शेतकरी जातीचा मराठा टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (कावसजी हे नाव पारशी वाटते. मूळ नाव ‘कावजी’ असावे आणि इंग्रजी कानाने ते असे ऐकले असावे, असा आमचा आपला तर्क.) नाक कापणे ही नुसती इजा नव्हती. आपल्या भाषेत अजूनही अब्रू जाते ती नाकाच्याच रूपाने.

वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. पत्रात दोन्ही डॉक्टरांची नावे आहेत, रोग्याचे आहे, कंपनी सरकारने त्याला दिलेल्या पेन्शनचाही उल्लेख आहे. ज्याने नाक केले त्याचे नाव तेवढे नाही.

कृती मात्र तपशिलाने दिली आहे. कारागीर मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार देई. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवी, भोवती रेघ ओढी आणि तेवढी कातडी सोडवून घेई. दोन डोळ्यांच्या मधला एक अरुंद देठ तो कापत नसे. नाकाच्या जुन्या जखमेचा वण खरवडून ताजा करायचा, त्याच्या कडेने चीर द्यायची, कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवायच्या. आपण विड्यात घालतो तोच हा कात. त्यातली टॅनिने कातडी आवळून धरतात. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. भुलीचे औषध अर्थातच नव्हते. ईथरची जाहीर परीक्षा व्हायला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती.

देठ कशासाठी? कातडीचा तुकडा पूर्ण सुटा केला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि इतका जाड तुकडा नव्या जागी मूळ धरण्याआधीच मरण्याचा धोका असतो. देठातून जुने रक्त येत राहते, तोवर नव्या जागेतल्या केशवाहिन्या त्यात शिरतात. वर्गात हे समजावायचे असेल तर आंब्याच्या भेट कलमाचे उदाहरण घ्यावे. तिथेही फांदी लगेच तोडत नाहीत. ती आईच्या झाडाला जोडलेली ठेवूनच कुंडीतल्या रोपाला बांधतात आणि सांधा पक्का झाल्यावर मागून छाटतात. कलमाला महिने लागतात, चेहऱ्याला आठवडे, कारण चेहऱ्याचा रक्तपुरवठा फार चांगला असतो. गुरुजींच्या शल्यचिकित्सकांनी देठ कापला तो एकविसाव्या दिवशी. आजची सर्वसाधारण मुदत हीच आहे. पुण्याच्या कारागिराला केशवाहिन्या ठाऊक नव्हत्या, पण दिवस त्याने बरोबर मोजले होते.

ही सुश्रुताचीच शस्त्रक्रिया, असे सरसकट लिहिले जाते. ते पूर्ण खरे नाही. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नाक जोडण्याची कृती आहे. त्यात माप झाडाच्या पानाने घ्यायचे आणि कातडी गालाची घ्यायची. देठ राखण्याचे तत्त्व तेच, पण कपाळ नाही. गालाच्या जागी कपाळ केव्हा आले आणि कोणी आणले याची नोंद ग्रंथांत नाही. ती सुधारणा हाताने काम करणाऱ्यांची दिसते. पुण्याच्या यशाचे सगळे माप एका ग्रंथाच्या पदरात टाकले की हा बिननावाचा माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो.

युरोपात बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने १५९७ साली दंडाच्या कातडीने नाक करण्याची रीत छापली होती, पण त्यात हात कित्येक दिवस डोक्याला बांधून ठेवावा लागे, आणि ती रीत पुढे मागे पडली होती. कावसजीची हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने प्रेतांवर अनेक वर्षे सराव केला, १८१४ मध्ये पहिल्या रोग्यावर शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही ‘भारतीय पद्धत’ जगभर गेली. नाके जाण्याची कारणे मात्र बदलली. तेव्हा तलवार, शिक्षा आणि उपदंश होते. आपल्याकडे पुढे कुष्ठरोग आला. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांच्या नाकांवर आणि हातांवर काम केले. आज कपाळाची कातडी नाकावर आणावी लागते ती बहुतेक वेळा त्वचेच्या कर्करोगामुळे.

या कर्करोगाचा सर्वांत नेहमीचा प्रकार डब्लिनच्या आर्थर जेकब याने १८२७ मध्ये वर्णिला. तो शरीरात दूरवर क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी उंदरासारखा कुरतडत जातो. म्हणून इंग्रजीत त्याला उंदराच्या कुरतडण्यावरून नाव पडले. उन्हाचा त्यात मोठा हात असतो. आपल्या कातडीतल्या रंगद्रव्यामुळे तो आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी आढळतो, पण होतो तेव्हा पुष्कळदा काळसर दिसतो आणि तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिला जातो. चेहऱ्यावरची जी जखम महिनाभरात भरत नाही, खपली धरते आणि पुन्हा वाहते, तिचा तुकडा तपासून घ्यावा. गुरुजींनी दोन वर्षांपूर्वी हे केले असते तर बहुधा कपाळाला हात लावावा लागला नसता.

आता वणाविषयी. कातडी कापली गेली की रक्त गोठते, पांढऱ्या पेशी येऊन जागा साफ करतात, मग तंतुपेशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागतात. मूळ कातडीत हे धागे चटईसारखे एकमेकांत गुंफलेले असतात. वणात घाईघाईने एका दिशेला टाकलेले. तिथे केस येत नाहीत, घामाच्या ग्रंथी नसतात. वणाची ताकद आठवड्याने मूळ कातडीच्या शेकडा ३ च्या आसपास, तीन आठवड्यांनी २० च्या आसपास आणि तीन महिन्यांनी फार तर ८० पर्यंत जाते. पुढे ती फारशी वाढत नाही. पहिले दोन-तीन महिने वण तांबूस, टणक, उंच असतो आणि माणसाचा धीर नेमका तेव्हाच सुटतो. त्यानंतर शरीर जुने धागे मोडून नवे विणत राहते. हे काम वर्षभर, कधी दीड वर्ष चालते, आणि वण मऊ, सपाट, फिका होत जातो. या काळात उन्हाने तो काळा पडतो, म्हणून टोपी किंवा उपरणे हवे. काहींच्या कातडीत धागे विणणे थांबतच नाही आणि वणग्रंथी होते. ती छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर जास्त, नाकावर विरळा.

कपाळावर मोठी जागा उघडी राहिली तर कडा ओढून शिवता येत नाहीत. हाडावरचे पातळ आवरण शाबूत असेल तर ती जागा तशीच ठेवतात. कडेकडेने कातडी सरकते, जखम आकसते आणि काही आठवड्यांत भरते. गुरुजींच्या कपाळाचा वरचा भाग असाच सोडला होता. त्यांना तो हलगर्जीपणा वाटला होता. १७९४ च्या पत्राच्या शेवटी नेमके हेच आहे: नवे नाक पक्के बसते, जवळपास नैसर्गिक नाकासारखे दिसते, आणि काही काळाने कपाळावरचा वणही फारसा नजरेत भरत नाही.

नाकावरच्या रेषा लपवायची युक्ती पुढे सापडली. १९८५ मध्ये बर्गेट आणि मेनिक या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी मांडले की नाकाचा शेंडा, कडा, नाकपुडी हे वेगवेगळे भाग मानावेत. एखाद्या भागाचा बराचसा अंश गेला असेल तर उरलेलाही काढून अख्खा भाग नवा करावा, म्हणजे वण दोन भागांच्या सीमेवर, सावलीत पडतो. गुरुजींची नाकपुडी तशीच केली आहे.

आम्ही नेलेले चित्र जेम्स वेल्स याने काढलेल्या चित्रावरून कोरलेले. याच वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचीही चित्रे काढली. मूळ चित्र जानेवारी १७९४ चे आहे, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांचे. गुरुजींनी ते खिडकीशी नेऊन पाहिले. नाकाकडे त्यांचे लक्ष नव्हते. कपाळावर बोट ठेवून ते म्हणाले, “दहा महिने ना? मग मला आषाढापर्यंत थांबायला हवे.”

आषाढात आम्ही पुन्हा गेलो. नाकपुडीची कड शोधावी लागली. कपाळावरची रेघ दिसते, पण गंधाच्या रेषेहून फार रुंद नाही. कावसजीचे चित्र गुरुजींनी परत दिले नव्हते. नातवाने ते शाळेत नेले होते.