तारा कुणाच्या, ऊन कुणाचे?

सौरऊर्जेवरच्या सरकारी कागदांत ‘लोकसहभाग’ हा शब्द हल्ली हटकून सापडतो. तो नवा वाटतो खरा. पण विजेच्या कारभारात गावाला वाटा देण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे अर्धशतकापूर्वीच झाला आहे, आणि तोही मनमाडपासून रेल्वेने फार दूर नाही. मनमाडला उभे राहिले की वाटा फुटतात. एक दक्षिणेला दौंडकडे, एक पूर्वेला औरंगाबादकडे, एक उत्तरेला मालेगाववरून धुळ्याकडे. या तिन्ही वाटांवर वीज आणि गाव यांच्या नात्याचा तीन तऱ्हांचा इतिहास पडलेला आहे.

मनमाड-दौंड लोहमार्ग १८७८ चा. त्यावर बेलापूर नावाचे स्थानक लागते. उतरल्यावर मात्र आपण श्रीरामपुरात असतो. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले आणि अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा नमुना समोर ठेवून देशात पाच ठिकाणी तसा प्रयोग करायचे ठरले. आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. जागेची निवड सहज झालेली नव्हती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० पासून चालू होता. शेअर, सभासद, वार्षिक सभा हे शब्द त्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसलेले होते. ज्याला कारखान्याचा भाग घेणे कळत होते, त्याला विजेच्या संस्थेचा भाग घेणे वेगळे समजावून सांगावे लागले नसणार. खांब, तारा, रोहित्रे संस्थेची आणि संस्था सभासदांची, असा तो हिशेब होता.

त्यात एक उणीव पहिल्यापासून होती. संस्था वीज वाटत होती, तयार करत नव्हती. ती ठोक भावाने वीज मंडळाकडून घ्यायची आणि सभासदांना पुरवायची. घेण्याचा भाव संस्थेच्या हातात नव्हता, आणि शेतीपंपाचा दर राजकारणाच्या वाऱ्यावर होता. मधल्या मध्ये थकबाकी साचत गेली. तिचा सगळा दोष संस्थेच्या कारभाऱ्यांवर टाकणारे पुष्कळ आहेत. मला ते पुरते पटत नाही. सभासदांना मालकीची सवय होती, पण बिलाच्या बाबतीत तेही इतर महाराष्ट्राप्रमाणे केवळ ग्राहकच राहिले, एवढे मात्र मान्य करावे लागेल. ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपली आणि वीज नियामक आयोगाच्या निर्णयाने तो सगळा मुलूख महावितरणकडे गेला.

आता उत्तरेची वाट. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. त्या काळी ती मोठीच मजल होती. इथे गावाचा संबंध आला तो जमिनीपुरता. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणला तर जमीन घेतली गेली औष्णिक प्रकल्पासाठी, आणि पुढे तिथे सौर प्रकल्प आणायचे ठरले. कोळसा गेला, ऊन आले. मोबदल्याचे भांडण तसेच राहिले. आपल्या आंब्याच्या बागेला शेजाऱ्याच्या मानाने फारच तुटपुंजी भरपाई मिळाली, ही विखरणच्या धर्मा पाटील यांची तक्रार होती. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि सहा दिवसांनी ते गेले. वय ८४. स्वच्छ ऊर्जेच्या महाराष्ट्रातल्या इतिहासात ही नोंद पहिल्या पानावर असायला हवी.

पूर्वेची वाट सर्वांत अलीकडची. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधले कोळंबी इथे तिचे पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. अवघा ३ मेगावॉटचा. गावाजवळच वीज तयार व्हायची आणि तिथल्याच उपकेंद्रातून शेतीपंपांना दिवसा मिळायची, अशी ही रचना आहे. दिवसा आठ तास नाही तर रात्री दहा तास, अशा पाळ्यांत ज्यांनी वर्षानुवर्षे काढली, त्यांना याचे मोल सांगायला नको. विंचवाच्या, सापाच्या आणि ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणारा माणूस दिवसा शेतात जातो, हा फरक कुठल्याही आकडेवारीपेक्षा मोठा आहे.

म्हणजे मुळा-प्रवरेला जे जमणे शक्यच नव्हते, ते आता साधले: वीज गावातच तयार होऊ लागली. पण तिथे जे होते ते इथे नाही. प्रकल्प बहुधा निविदेतून आलेल्या कंपनीचा, तारा महावितरणच्या. जमीनधारकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू जमिनीला हे वाईट नाही. मात्र ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचे काय? या योजनेसाठी गायरानेही दिली जात आहेत. नाशिक जिल्ह्यातलेच दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यातली मोठी मागणी पडीक सरकारी जमिनीची होती. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय झाला, तरी कसणाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती कागद आलाच नाही. सरकारी नकाशावर मोकळे दिसणारे गायरान कुणाच्या तरी ज्वारीचे किंवा मेंढरांचे असते.

गाव म्हणून मिळते ते ग्रामपंचायतीला: वर्षाला ५ लाख रुपये, तीन वर्षे. वीज खरेदीचा करार असतो २५ वर्षांचा. उरलेल्या बावीस वर्षांत गावाचा वाटा कोणता, हे करारावर सह्या होण्याआधीच ग्रामसभेला विचारावे लागेल. श्रीरामपूरच्या सभासदाला, त्याने विचारले असो वा नसो, हा प्रश्न दर वर्षी सर्वसाधारण सभेत विचारता येत होता.